हरणांसाठी बसवलेला गार्ड

डॉ. सोनाली उबाळे कुर्डुवाडीत राहायची आणि आसपासच्या सहा-सात दवाखान्यांना भूल द्यायला जायची. छोट्या गावातल्या दवाखान्याला स्वतःचा भूलतज्ज्ञ ठेवणं जमत नाही. सिझर निघालं की फोन येतो, फोन आला की निघायचं. पेशंट टेबलावर असतो, सर्जन हात धुऊन उभा असतो आणि सगळ्यांचे कान बाहेर कुठल्या गाडीचा आवाज येतो का, याकडे असतात. अशी सात वर्षं ती गाडी चालवत होती. घरी वडील, बिभीषण उबाळे; सोनाली त्यांना आण्णा म्हणायची. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आई जाऊन बराच काळ झाला होता. बापलेक दोघंच.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी जेऊरहून डॉ. सुकन्याचा फोन आला. सुकन्याचं तिथे दहा खाटांचं प्रसूतिगृह होतं.

"वार आधीच सुटलीय. रक्त जातंय. किती वेळात येशील?"

"पाऊण तासात."

केमच्या पुढे रस्ता उघड्या माळावरून जातो. दोन्ही बाजूंना कुसळी गवत, मध्येच एखादं बाभळीचं झाड. सूर्य बुडाला होता, पण दिव्यांचा उपयोग व्हावा इतका अंधार झाला नव्हता. डावीकडून एक हरणी आली. सोनालीने तिला पाहिलं ते हवेतच. ब्रेकवर पाय पडेपर्यंत पुढून धाडकन आवाज झाला.

हरणी रस्त्याच्या कडेला पडली होती. थोडा वेळ तिचा पाय हलला, मग तोही थांबला. सोनालीने तिला बाजूला ओढलं, वनखात्याला फोन लावला आणि गाडीत बसली. गाडी चालू झाली, पण दोन किलोमीटरवर काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. रेडिएटर फुटला होता. तिथे फोनला रेंज नव्हती. अंधारात उभं राहून तिने चार गाड्यांना हात केला. चौथी, दुधाचा टेम्पो, थांबली.

ती जेऊरला पोचली तेव्हा पन्नास मिनिटं उशीर झाला होता. बाई वाचली. बाळ नाही.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाईचा नवरा उभा होता. अजिनाथ त्याचं नाव, पंचविशीतला. त्याला सगळं सांगून झालं होतं. सोनाली बाहेर आली तेव्हा त्याने तिच्या बाहीकडे पाहिलं. बाहीवर हरणीचं रक्त वाळलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमाला लागलंय का कुटं?"

त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

*

गॅरेजमधून गाडी घरी आली, पण पुढचा बंपर अजून आला नव्हता. आण्णांनी जुन्या बंपरच्या आतला चेमटलेला पत्रा गॅरेजवाल्याकडून मागून आणला होता. अंगणात बसून ते तो उलटसुलट करून बघत होते.

"हे बघ," ते म्हणाले. "हितं दबलंय, हितं घडी पडलीय. धक्का हितंच जिरला. म्हणून तुज्या मानंला काय झालं न्हाय."

"आण्णा, मला गाडीला पुढून गार्ड बसवायचाय. लोखंडी. सोलापुरात करून मिळतो."

आण्णांनी पत्रा खाली ठेवला. "कशाला?"

"रेडिएटर फुटू नये म्हणून."

"गाडी दबली तरच आतला माणूस वाचतो. आमी उभी हयात डब्यांचे बफर बसवले. बफर का ठेवत्यात? दबाया. तिथं कुणी पहार ठोकली तर धक्का जाणार कुटं? आतच की."

"आण्णा, मी वाचले. मला कळतंय मी का वाचले. पण गाडी थांबली."

"सोनाली…"

"गाडी थांबली म्हणून ते बाळ गेलं. मी मानेला पट्टा बांधून पोचले असते तरी चाललं असतं."

मुलीचा चेहरा असा झाला की बोलून उपयोग नसतो, हे आण्णांना ठाऊक होतं. पण रविवारी ती सोलापूरला निघाली तेव्हा ते चप्पल घालून गाडीजवळ येऊन उभे राहिले.

दुकान हायवेला लागून होतं. सिद्धराम नावाचा पन्नाशीचा माणूस, कपाळाला भस्माचे पट्टे, हातात वेल्डिंगचा काळा मुखवटा. बोलताना मधूनच कानडी हेल यायचा. गाडीची हकीकत ऐकल्यावर त्याने भिंतीशी उभे केलेले तीन गार्ड दाखवले.

"हा बघा री मॅडम, फायबरचा. नुसता दिसायला. हरीण सोडा, बकरं आलं तरी तुटतो. हा दुसरा स्टीलच्या पाईपचा, बंपरलाच बोल्ट मारायचा. आदळला की वाकून मागं येतो, तोच रेडिएटरमधी घुसतो. आणि हा तिसरा." त्याने काळ्या रंगाच्या जाड चौकटीवर थाप मारली. "हा चेसीवरून घेतो आम्ही, गाडीच्या मूळ सांगाड्यावरून. याला रेडा धडकला तरी मागच्या रेडिएटरला कळणार नाही."

"आणि एअरबॅग?" सोनालीने विचारलं.

सिद्धरामने मुखवटा टेबलावर ठेवला. "ते मी नाही सांगू शकत. कंपनीवाले बसवू नका म्हणतात. पाहिजे तेव्हा उघडत नाही, नको तेव्हा उघडते म्हणतात. आरटीओवाला धरतो, दंड करतो. सरकारनं बंदीच केलीय याला. मी लोखंडाचा माणूस. लोखंडाचं तेवढं खरं सांगतो."

आण्णा तिसऱ्या गार्डपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी सांध्यांवरून अंगठा फिरवला, बोटाच्या पेराने दोन ठिकाणी वाजवून पाहिलं.

"वेल्डिंग झकास हाय," ते उठत म्हणाले. "त्याचंच भ्या वाटतंय."

सोनालीने तिसरा निवडला.

*

डिसेंबर असाच गेला. गार्ड बसल्यापासून गाडी पुढून जड वाटायची, पण सोनालीला त्या जडपणाचा आधार वाटायचा. पूर्वी माळाचा टप्पा आला की ती साठवर यायची. आता काटा ऐंशीला असायचा, कधी नव्वदला. हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. ती दर वेळी लवकर पोचत होती, आणि लवकर पोचणं हेच तिला हवं होतं.

एकदा टेंभुर्णीहून परतताना चाकांच्या पुढे काहीतरी आलं. हलकीशी ठेच लागल्यासारखं झालं, बस. ती थांबली नाही. ससा असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा बादली घेऊन गाडी धुवत होते. गार्डच्या खालच्या पाईपला भुरके केस चिकटले होते, लांबट आणि राठ. सशाचे नव्हते. आण्णांनी ते फडक्याने पुसले, फडकं पिळलं आणि ओसरीवर चहा घेत बसलेल्या मुलीकडे पाहिलं.

"काय व्हतं?"

"बघितलं नाही."

"थांबली न्हाईस?"

सोनालीने कप खाली ठेवला. "आण्णा, मला पुढं जायचं होतं."

"व्हय. आता तुला थांबायची गरजच ऱ्हायली न्हाय." त्यांनी बादलीतलं पाणी झाडाला ओतलं. "इथून पुढं माळाकडं जायचं असलं की मी संगं येणार. मला इचारायचं न्हाय."

दोनदा ते तिच्यासोबत गेलेही. मागे न बसता पुढे बसायचे, पट्टा लावायचे, आणि काट्याकडे बघत राहायचे. सोनालीला त्या बघण्याचा राग यायचा.

*

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे पावणेसहाला फोन वाजला. आवाज सुकन्याचा नव्हता, तिच्या नर्सचा होता.

"मॅडम, लगेच निघा. नाळ खाली आलीय. बाईंचा हात आतच हाय, बाळाचं डोकं वर धरून बसल्यात. त्यांना फोन धरता येईना."

मागून सुकन्या ओरडली, "ठोके आहेत अजून! करमाळ्याचा भूलवाला परगावी गेलाय. तूच ये!"

नाळ बाळाच्या डोक्याखाली दाबली गेली की बाळाचा श्वासच दाबला जातो. सुकन्याने हात काढला की संपलं. ती किती वेळ तशी बसू शकेल? हाताला रग लागते, बोटं बधिर होतात. सोनालीने अंगावर स्वेटर चढवला आणि बॅग उचलली. बाहेर आली तर आण्णा शाल पांघरून गाडीत बसलेले.

कुर्डुवाडी सोडेपर्यंत हवा स्वच्छ होती. उसाचा पट्टा लागला आणि धुकं सुरू झालं. दिव्यांच्या पुढे पंचवीस-तीस पावलं दिसत होती, त्यापुढे नुसतं पांढरं. सोनालीने वेग कमी केला नाही.

"हळू," आण्णा म्हणाले.

"तिकडं ती हात घालून बसलीय आण्णा."

"ठाऊक हाय मला. हळू."

"नाही जमणार."

केम मागे पडलं. उसाचा पट्टा संपून माळ लागला तसं धुकं थोडं विरळ झालं आणि पूर्वेला फिकट उजेड दिसू लागला. काटा नव्वदला टेकला होता. आण्णांनी दाराच्या वरची मूठ धरली. सोनाली मनात हिशेब करत होती, अजून अठरा मिनिटं, सतरा. पोचल्या पोचल्या कुठलं औषध आधी, नळी कितीची, मॉनिटर तयार असेल का.

आणि समोर डोळे चमकले.

डावीकडून एक काळवीट रस्त्यावर आलं आणि एका झेपेत पलीकडे गेलं. त्यामागून दुसरं, तिसरं. कळप होता. सोनालीचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. तो तिथेच राहिला. ती क्षणभर विचार करत होती असं नाही, विचाराला वेळच नव्हता. पण तिला नंतर पक्कं आठवत राहिलं की तिने पाय तिथे ठेवला होता. येऊ देत, पुढे लोखंड आहे, असं काहीतरी तिच्या आत ठरून गेलेलं होतं.

"ब्रेक!" आण्णा ओरडले. "हरणं कुणीतरी हाकललीत! मागं काय हाय बघ! ब्रेक मार!"

तिने ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरलं, टायर किंचाळले. हरणांच्या मागून धुक्यातून काहीतरी पांढरं सरकत रस्त्यावर येत होतं. तिला वाटलं धुकंच आहे. मग त्याला पाय दिसले. मेंढरं. आख्खा कळप रस्ता ओलांडत होता. आणि त्यांच्या मध्ये, छातीशी कोकरू धरलेली एक बाई, दिव्यांकडे बघत जागच्या जागी उभी.

सोनालीने स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. धप्प, धप्प असे दोन आवाज आले, मग तिसरा. गाडी तिरकी होत थांबत आली, जवळजवळ थांबलीच होती. शेवटच्या हातभर अंतरात गार्डचा खालचा पाईप बाईच्या पायाला लागला आणि ती दिव्यांच्या उजेडातून नाहीशी झाली.

गाडी थांबली. इंजिन मात्र चालू होतं, नेहमीसारखं गुरगुरत.

*

सोनाली खाली उतरली. बाई उताणी पडली होती. कोकरू तिच्या हातातून सुटून बें बें करत होतं. सोनाली तिच्याजवळ बसली.

"ताई, ऐकू येतंय का? नाव काय तुमचं?"

"बनाबाई," ती म्हणाली. मग दात आवळून, "पाय… आई गं, पाय."

डोक्याला मार नव्हता. मान हलत होती, पोट मऊ होतं, नाडी जोरात पण नीट. उजवी नडगी गुडघ्याच्या खाली वाकली होती. हाड बाहेर आलं नव्हतं. सोनालीने पायाची बोटं चाचपली, गरम होती. तिने श्वास सोडला.

तेवढ्यात धुक्यातून तिचा नवरा धावत आला. गुंडा त्याचं नाव. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. रस्त्यावर पडलेली बायको आणि तीन मेंढ्या त्याने पाहिल्या, मग ती काळी चौकट पाहिली. त्याने काठी उचलून गार्डवर हाणली. काठी उडाली, गार्डला ओरखडाही आला नाही. दुसरा तडाखा दिव्यावर बसला आणि काच फुटली.

"मारून टाकली! माजी बायकू मारून टाकली!"

"आवं, मी हाय जित्ती," बनाबाई खालून म्हणाली.

आण्णा मध्ये आले. त्यांनी हात जोडले नाहीत, काठीही धरली नाही. नुसते समोर उभे राहिले.

"पाय मोडलाय. बाकी काय न्हाय. माजी लेक डॉक्टर हाय, ती बघतीय."

"डॉक्टर? आन् ह्यो काय परकार लावलाय म्होरं? रणगाडा हाय का ह्यो?"

त्याच वेळी सोनालीच्या खिशातला फोन वाजला. तिने उचलला. नर्स रडायच्या बेतात होती. "मॅडम, कुटं हाय? बाई म्हणत्यात हात बधिर झालाय. ठोके कमी व्हायलेत."

सोनालीने वर पाहिलं. "मला जायला लागेल."

गुंडा गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला. "हालायचं न्हाय. पोलीस येऊ दे."

"दादा, जेऊरला एक बाळंतीण आहे. मी गेले नाही तर तिचं बाळ जाईल. तुमच्या बायकोलाही मी तिथंच नेते. तिला दवाखाना लागणारच आहे. पोलिसांत मी स्वतः जाईन."

"समदे असंच म्हणत्यात. येकदा गाडी गेली की कुटली बाई आन् कुटलं काय."

त्याच्या जागी सोनाली असती तर तिनेही विश्वास ठेवला नसता.

आण्णांनी अंगावरची शाल काढून बनाबाईवर टाकली. मग ते रस्त्याच्या कडेला जाऊन मैलाच्या दगडावर बसले.

"मी हितं बसतो," ते गुंडाला म्हणाले. "बिभीषण उबाळे, कुर्डुवाडी, रेल्वेचा फिटर. ती माजी एकुलती एक लेक हाय. ती परत येत न्हाय तवर मी हितनं जात न्हाय. मला धरून ठेव."

गुंडा त्यांच्याकडे बघत राहिला. मेंढरं रस्त्यावर पांगायला लागली होती. कुत्री भुंकत होती.

"आवं, काय बघताय?" बनाबाई म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता. "मला घाला गाडीत. हितं पडून पाय जुळणार हाय का माजा?"

मग सगळं भराभर झालं. सोनालीने गुंडाची काठी मागितली. तो क्षणभर थांबला आणि त्याने दिली. तिने काठी नडगीच्या बाजूला लावून ओढणीने बांधली. गाठी बरोबर बसल्या. तिघांनी मिळून बनाबाईला मागच्या सीटवर आडवं केलं. सोनालीने किल्ली फिरवली. रेडिएटर शाबूत होता, काटा जिथे हवा तिथे होता. एकाच दिव्यावर गाडी निघाली.

ती साठच्या वर गेली नाही. जाऊच शकली नाही. मागून बनाबाई प्रत्येक खड्ड्याला कण्हत होती.

"बाळंतीण कुटली?" बनाबाईने मध्येच विचारलं.

"माहीत नाही ताई."

"पयलंच हाय का?"

"तेही माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा कण्हायला लागली.

*

सुकन्या टेबलाशी वाकून तशीच बसली होती, चेहरा पांढराफटक. सोनालीने हात धुतले, सुई भरली, नळी घातली. "घे," ती म्हणाली, आणि सुकन्याच्या सहकारी डॉक्टरने छेद दिला. सुकन्याने हात काढला तेव्हा तिला तो वर उचलता येईना. बाळ निळसर निघालं. मुलगी. एक मिनिट ती रडली नाही. सोनालीने तिच्या तोंडावर मास्क धरला, फुगा दाबला, पुन्हा दाबला. मग तिने एकदम हातपाय आखडले आणि कर्कश ओरडली.

नर्स भिंतीला टेकून खाली बसली.

सोनाली बाहेर आली. शेजारच्या खोलीत बनाबाईला सलाईन लावलं होतं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं होतं. रडणं तिथवर ऐकू गेलं असणार.

"झाली?" तिने विचारलं.

"झाली. मुलगी आहे."

बनाबाईने डोळे मिटले. "तिची किंमत माज्या पायानं मोजली म्हणायची."

ती हे रागाने म्हणाली की कसं, सोनालीला कळलं नाही. तिने विचारलंही नाही.

दोन तासांनी ती परत त्या जागी गेली. धुकं विरलं होतं. आण्णा दगडावरच होते. गुंडाने मेंढरं पलीकडच्या शेतात घातली होती आणि आण्णांशेजारी बसून तंबाखू मळत होता. मेलेल्या तीन मेंढ्या दोघांनी मिळून कडेला ओढून ठेवल्या होत्या. गुंडाने आधी गाडीकडे पाहिलं, मग सोनालीकडे.

"आली की," तो आण्णांना म्हणाला. एवढंच.

पोलिसांत ती त्याच दिवशी गेली. हवालदाराने गाडीचे फोटो काढले. गार्डचा फोटो काढताना तो म्हणाला, "मॅडम, हा बेकायदेशीर आहे, ठाऊक होतं ना?"

"होतं."

"हा नसता तर त्या बाईचा पाय प्लॅस्टिकवर आदळला असता. एवढ्या कमी वेगात खरचटलं असतं फार तर."

सोनालीने मान हलवली. तिने ते आधीच शंभरदा मनात म्हटलं होतं. पण त्याच्यापुढे लगेच दुसरं वाक्य यायचं. गार्ड नसता तर मेंढ्या बंपर फोडून आत गेल्या असत्या, रेडिएटर गेला असता, आणि ती मुलगी जगली नसती. पुढे तिसरं वाक्य यायचं. गार्ड नसता तर ती त्या धुक्यात नव्वदने गेलीच नसती. ही तीन वाक्यं तिला एकमेकांत बसवता येत नव्हती.

बनाबाईच्या नडगीत सळई घालायची ठरली. ऑपरेशन कुर्डुवाडीत होतं. सोनालीने भूल द्यायला दुसऱ्या डॉक्टरला सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी ती वॉर्डात गेली तेव्हा बनाबाई म्हणाली, "उद्या सुई तू टोचणार न्हाईस म्हनं."

"दुसरे डॉक्टर आहेत. चांगले आहेत."

"तुला भ्या वाटतंय व्हय?"

"हो," सोनाली म्हणाली.

"मलाबी वाटतंय," बनाबाई म्हणाली. "त्या डॉक्टराला मी वळखत न्हाय. तुला निदान वळखती तरी."

सकाळी सोनालीनेच तिला कुशीवर वळवलं, पाठीला बाक द्यायला सांगितलं आणि कण्यात सुई घातली. सुई बाहेर आली तशी बनाबाईने तिचा हात धरला, तो पाय बधिर होईपर्यंत सोडला नाही.

*

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती सोलापूरला सिद्धरामकडे गेली. आण्णा बरोबर होते. येताना रस्त्यात ते म्हणाले होते, "मी तुला काढ म्हणणार न्हाय. त्या दिवशी गाडी चालू ऱ्हायली ते मी डोळ्यांनी बघितलंय. आता मला काय म्हणाया तोंड न्हाय." सोनालीला ते ऐकून जड वाटलं. त्यांनी काढ म्हणावं असं तिला वाटत होतं.

सिद्धरामने चार बोल्ट खोलले आणि गार्ड खाली उतरवला. मागे बंपरचं प्लॅस्टिक तसंच होतं, फक्त जिथे गार्ड टेकत होता तिथे रंग उडाला होता.

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक उभं होतं. अक्कलकोटकडचा, सोमशेखर नावाचा तरुण, त्याची जीप बाहेर लावलेली. तो गार्डभोवती फिरला.

"हा मला द्या मॅडम. आमच्याकडं पण हरणं फार. परवाच भावाची गाडी फुटली. नवीन करायला दोन आठवडे म्हणतो हा."

"नाही," सोनाली म्हणाली.

"तुम्ही काढून टाकताय की. सांगाल तेवढे देतो."

"पैशांचं नाही. याने एका बाईचा पाय मोडलाय."

"गार्डनं कसा मोडेल? गाडी तुम्ही चालवत होता ना?"

सिद्धराम हातातला पान्हा पुसत राहिला. आण्णांनी मुलीकडे पाहिलं.

"हो," सोनाली म्हणाली. "मीच चालवत होते. पुढे हा होता म्हणून तशी चालवत होते. तुम्हीही तशीच चालवाल. मीही आधी तसंच म्हणाले असते, की मी नाही चालवणार." ती सिद्धरामकडे वळली. "हा कापून टाका."

सिद्धराम घुटमळला. "चांगलं काम होतं हे, मॅडम. माझ्या हातचं."

"कापा."

त्याने ग्राइंडर सुरू केला. ठिणग्या उडाल्या. सोमशेखर "काय लोक असतात" असं काहीतरी पुटपुटत बाहेर जीपकडे गेला, पण दाराशी थांबून बघत राहिला. आण्णा जवळ जाऊन उभे राहिले. कुठला सांधा आधी सुटतो ते बघत होते. पाईपचे सात तुकडे झाले.

गाडी दुकानातून बाहेर काढताना सोनालीने सुकन्याला फोन लावला.

"या महिन्यापासून टेंभुर्णी आणि मोहोळकडचे दवाखाने मी सोडतेय. त्यांना कळवलंय. तुझ्याकडे ज्यांचं अवघड वाटतं, त्यांच्या तारखा मला आधी सांगत जा. त्या दिवशी मी जेऊरलाच येऊन राहीन."

"आणि अचानक आलं तर?"

"अचानक आलं तर मी साठने येईन. पोचेन तेव्हा पोचेन."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग सुकन्या म्हणाली, "उद्याची एक आहे. जुनं सिझर, बाळ पायाळू. सकाळी सातला घेणारेय."

"मी आज रात्रीच मुक्कामाला येते," सोनाली म्हणाली, आणि आण्णांना विचारलं, "तुमचं जेवणाचं काय करायचं?"

"माजं मी बघतो की," आण्णा म्हणाले. "तू उजेडात पोच."